निकालाप्रमाणे अनुदान : एका सुधारणेचा इतिहास

शिक्षणाच्या इतिहासात दुष्ट हेतूने केलेले कायदे थोडे आढळतात. बहुतेक सुधारणा प्रामाणिक तळमळीने झालेल्या असतात. तथापि सुधारकाचा हेतू शुद्ध असला म्हणजे सुधारणेचे फळ गोड येतेच असे नव्हे. किंबहुना ज्या मुलाच्या कल्याणासाठी नियम केला, त्याच मुलाच्या पाठीवर त्या नियमाचा वळ उठावा, असे शाळांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडले आहे. या लेखात आम्ही अशाच एका सुधारणेची हकीकत सांगणार आहोत. ती इंग्लंडात १८६२ साली जन्मास आली, आयर्लंडात गेली, आपल्या मुंबई इलाख्यातही आली आणि सुमारे चार दशकांनंतर सर्वांच्या शिव्याशाप घेऊन निघून गेली. तिची दखल घ्यावयाचे कारण असे की, ती गेली तरी तिचा विचार गेला नाही. आपल्या धर्मग्रामांतील शाळांच्या कचेरीतही तो आज बसलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात गरिबांच्या मुलांना शिकविणे हे सरकारचे काम मानले जात नव्हते. ते काम चर्च आणि धर्मादाय संस्था करीत. १८३३ साली पार्लमेंटने शाळांच्या इमारतींसाठी प्रथमच २०,००० पौंड मंजूर केले. १८३९ साली शिक्षणासाठी प्रिव्ही कौन्सिलची एक समिती नेमण्यात आली. कॅथलिकांना या मदतीची दारे उघडली ती १८४७ साली. त्याच वर्षी 'कॅथलिक पुअर स्कूल कमिटी' स्थापन झाली आणि कॅथलिक शाळांना अनुदान मिळू लागले. ते दिवस आयर्लंडमधील भीषण दुष्काळाचे होते. लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडन अशा शहरांत आयरिश निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांची मुले ज्या शाळांत बसत, त्या शाळांचे धर्मग्रामही त्यांच्याइतकेच दरिद्री होते. सरकारी मदत हा त्यांचा मोठा आधार होता.

ही मदत वर्षागणिक वाढू लागली आणि पैसा खर्च होतो तो सत्कारणी लागतो काय, असा प्रश्न उपस्थित झाला. १८५८ साली ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६१ साली आला. त्यातील एक निष्कर्ष गंभीर होता : शिक्षक वरच्या वर्गातील हुशार मुलांकडे लक्ष पुरवितात, तपासनीसापुढे तीच मुले उभी करतात आणि खालच्या वर्गातील लहान, गरीब, अनियमित येणारी मुले साधे वाचन-लेखनही न शिकता शाळा सोडून जातात. हा आक्षेप खोटा नव्हता. म्हणूनच पुढे जे घडले ते समजून घेताना, सुधारकांना ज्याची चिंता वाटली ते मूल खरोखरच उपेक्षित होते, हे आपण विसरता कामा नये.

शिक्षण खात्याचा कारभार त्या वेळी रॉबर्ट लो या बुद्धिमान आणि काटकसरी मुत्सद्द्याकडे होता. त्याने १८६२ साली अनुदानाची नवी संहिता अंमलात आणली. पार्लमेंटला त्याने आश्वासन दिले की, नवी व्यवस्था स्वस्त पडली नाही तर ती कार्यक्षम असेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी असेल. बाजारात माल पाहून दाम मोजावे तसे शाळेला मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहून पैसे द्यावेत, हे तिचे तत्त्व होते.

हिशेब असा होता. सरासरी हजेरीनुसार दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. याखेरीज जे मूल वर्षात २०० हून अधिक वेळा, म्हणजे सकाळ आणि दुपार वेगवेगळी धरून, हजर राहिले असेल त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग. मात्र हे ८ शिलिंग मिळण्यासाठी सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला तपासनीसापुढे वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागे. एका विषयात नापास झाल्यास २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. त्यासाठी सहा श्रेणी आखून दिल्या होत्या. पहिल्या श्रेणीत एकाक्षरी सोप्या शब्दांची गोष्ट वाचावयाची, तर सहाव्या श्रेणीत वर्तमानपत्रातील साधा परिच्छेद. पूर्वी सरकार शिक्षकांना आणि त्यांच्या हाताखालील उमेदवार शिक्षकांना थेट वेतन-साहाय्य देत असे. ते बंद होऊन सर्व रक्कम व्यवस्थापकांच्या हाती जाऊ लागली. साहजिकच पुष्कळ व्यवस्थापकांनी शिक्षकाचा पगार अनुदानाशी बांधून टाकला. मुलाने बेरीज चुकविली की मास्तरांच्या घरच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोहोचू लागली.

कागदावर ही योजना निर्दोष दिसते. हुशार आणि मंद या दोन्ही मुलांचे मोल तिने सारखेच ठरविले होते. मग उपेक्षित मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जाईल, अशी लो यांची अपेक्षा होती. लक्ष गेलेही. परंतु ते मुलाकडे गेले नाही, त्याच्या २ शिलिंग ८ पेन्सांकडे गेले.

परिणाम लवकरच दिसू लागले. स्वस्ताईचे आश्वासन तत्काळ खरे ठरले. १८६१ साली ८,१३,४४१ पौंड असलेले अनुदान १८६५ साली ६,३६,८०६ पौंडांवर आले. उमेदवार शिक्षकांचा स्वतंत्र मोबदला थांबल्याने त्यांची भरती घटली. १८६१ साली ३६ मुलांमागे एक उमेदवार शिक्षक होता. १८६६ साली ५४ मुलांमागे एक उरला. परीक्षा कडक झाली आणि शिकविणारे हात कमी झाले, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

पैसे तीनच विषयांना मिळत असल्याने इतिहास, भूगोल, व्याकरण मागे पडले. जे मोजले जात नव्हते ते शिकविणे शिक्षकाला परवडेना. त्या तीन विषयांतही शिक्षण झाले म्हणावे तर तेही नाही. शाळा-तपासनीस म्हणून पस्तीस वर्षे काम केलेला कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड याने आपल्या अहवालांत ही गोष्ट परोपरीने दाखवून दिली. एकच वाचनपुस्तक वर्षभर घोकले की मूल परीक्षेत उत्तीर्ण होई. परंतु त्याच तोडीचे दुसरे पुस्तक हाती दिले तर त्याला ते वाचता येत नसे. ही परीक्षा म्हणजे युक्तीप्रयुक्तीचा खेळ झाला असून त्यात तपासनीसाला हरविण्यास शिक्षक शिकणारच, असे त्याचे मत होते. १८६२ च्या मार्च महिन्यात, संहिता अंमलात येण्यापूर्वीच, त्याने तिच्याविरुद्ध लेख लिहून धोक्याची सूचना दिली होती. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करणे त्या काळी धाडसाचे होते.

तपासणीच्या दिवशी एकही मूल गैरहजर राहणे शाळेला परवडणारे नव्हते. एका तपासनीसाने आपल्या अहवालात जे नोंदवून ठेवले आहे ते वाचून मन विषण्ण होते. डांग्या खोकल्याने बेजार झालेली, अंगावर देवीचे फोड असलेली, आयांनी पांघरुणात गुंडाळून मांडीवर धरलेली मुले परीक्षेसाठी आणलेली असत आणि असे प्रसंग फारसे विरळा नव्हते. त्या आयांना कोणी निर्दय म्हणू नये. शाळेचे अनुदान गेले तर शाळा जाईल, हे त्यांनाही समजत होते.

सर्वांत जड ओझे कोणावर पडले, याचा विचार केला तर या सुधारणेतील मुख्य विसंगती ध्यानात येते. ज्या वस्तीत मुले नीटनेटकी, पोटभर जेवलेली आणि नियमित येणारी होती, तेथील शाळेला पूर्ण अनुदान मिळे. ज्या वस्तीत मूल आठवड्यातून दोन दिवस धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत असे, गोदीत मजुरी शोधणाऱ्या बापाबरोबर वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवीत असे, तेथे २०० हजेऱ्या भरणेही कठीण होते. तसे मूल परीक्षेला बसण्यापूर्वीच ८ शिलिंगांना मुकलेले असे. म्हणजे ज्या शाळेला मदतीची गरज सर्वांत अधिक, तिलाच मदत सर्वांत कमी. आयरिश निर्वासितांच्या कॅथलिक शाळा बव्हंशी अशाच वस्त्यांत होत्या. १८७० च्या कायद्याने स्थानिक करावर चालणाऱ्या बोर्ड शाळा निघाल्यानंतर ही तफावत अधिकच जाणवू लागली, कारण धर्मसंस्थांच्या शाळांना त्या करातून काही मिळत नसे. त्यांना सरकारी अनुदान, फी आणि गरीब धर्मग्रामस्थांची वर्गणी यांवरच भागवावे लागे.

मग चूक ध्यानात आल्यावर ती दुरुस्त का झाली नाही? इतर विषय बुडाले अशी ओरड झाली तेव्हा १८६७ साली सरकारने त्यांपैकी काही विषयांनाही परीक्षेच्या निकालावर पैसे देऊ केले. पुढील काळात अशा विषयांची यादी वाढत गेली. ज्या औषधाने प्रकृती बिघडली त्याचीच मात्रा वाढविण्यात आली आणि भूगोल व व्याकरण हेही पाठ करून म्हणावयाचे विषय झाले. दुसरे कारण अधिक खोल आहे. आकडे चांगले दिसत होते. उत्तीर्णांचे प्रमाण सुधारत होते आणि पार्लमेंटपुढे ठेवण्यास कोष्टक तयार होते. मुलाचे वाचन सुधारले की त्याची परीक्षा देण्याची कला सुधारली, हे कोष्टकावरून कळत नाही. ते कळण्यासाठी वर्गात जाऊन मुलाशेजारी बसावे लागते आणि तपासनीसांना आता नावे पुकारून खुणा करण्यापलीकडे वेळ उरला नव्हता.

विरोध हळूहळू संघटित झाला. १८७० साली प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ही पद्धत रद्द व्हावी ही तिची एक प्रमुख मागणी होती. १८८४ साली डॉ. जेम्स क्रिक्टन-ब्राऊन यांनी लंडनच्या शाळांतील मुलांवर पडणाऱ्या ताणाविषयी अहवाल दिला. डोकेदुखी आणि निद्रानाश यांनी ग्रासलेल्या मुलांचे त्यातील वर्णन वाचून मोठा वाद माजला. १८८६ साली नेमलेल्या क्रॉस आयोगाने १८८८ पर्यंत साक्षी घेतल्या. लंडनच्या गरिबांचे कैवारी कार्डिनल मॅनिंग हेही या आयोगाचे सभासद होते. त्यानंतर १८९० च्या संहितेपासून ही पद्धत शिथिल होत गेली आणि १८९७ पर्यंत इंग्लंडातून ती नाहीशी झाली.

परंतु तिने लावलेली सवय गेली नाही. मुख्य शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले एडमंड होम्स यांनी १९११ साली एक पुस्तक लिहून दाखविले की, ही पद्धत गेल्यानंतरही शिक्षक तसेच शिकवीत राहिले. तीस-पस्तीस वर्षे ज्यांना स्वतः विचार करण्यास मनाई होती, त्यांना एका हुकुमाने विचार करावयास सांगता येत नाही. शिक्षकांची एक संपूर्ण पिढी अशा रीतीने घडली होती. कायदा एका दिवसात मागे घेता येतो, पण मोडलेला शिक्षक एका दिवसात उभा राहत नाही, हा या इतिहासातील सर्वांत कडू धडा आहे.

इंग्लंडात या पद्धतीविषयी शंका उठत असतानाच ती अन्यत्र रुजू लागली होती. आयर्लंडात ती १८७२ साली सुरू झाली आणि १९०० साली नवा अभ्यासक्रम येईपर्यंत टिकली. हिंदुस्थानात १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले होते. मुंबई इलाख्यातील शिक्षण खात्याने त्यासाठी इंग्लंडचाच कित्ता गिरविला. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला तेव्हा मुंबई इलाख्यात निकालाप्रमाणे अनुदान हाच रिवाज होता. मिशनच्या शाळा आणि गावठी पंतोजींच्या शाळा यांनाही हाच नियम लागू होता. डेप्युटीसाहेब गावात येणार म्हणजे शाळेला सारवण, मुलांना स्वच्छ सदरे आणि पाठ केलेल्या कविता, हे चित्र आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षे टिकून राहिले.

या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्यात आपले निवेदन सादर केले. त्यात त्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे म्हटले. शिक्षकांना चांगला पगार असावा, असेही सांगितले. तपासणीविषयी त्यांची सूचना आम्हांस फार मार्मिक वाटते. वर्षातून एकदा होणारी तपासणी निरुपयोगी आहे, ती निदान दर तिमाहीला व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता शाळा पाहाव्यात, असे त्यांनी सुचविले. शाळा एका दिवसासाठी कशी सजते हे त्यांना पुरते ठाऊक होते. आयोगाने मात्र १८८३ च्या अहवालात प्राथमिक शाळांचे अनुदान बव्हंशी परीक्षेच्या निकालावरच ठरवावे, अशी शिफारस केली. मागासलेल्या भागांतील शाळांसाठी तेवढा अपवाद सुचविला. गरीब शाळा या नियमाखाली भरडली जाते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावानंतर, हिंदुस्थानातही या पद्धतीची सद्दी संपली.

इतक्या अनुभवानंतर हा प्रयोग पुन्हा कोणी करणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु २००२ सालच्या जानेवारीत अमेरिकेत जो कायदा झाला त्याचे नावच मुळी 'एकही मूल मागे राहू नये' अशा अर्थाचे होते. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी घ्यावयाची आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण करावयाची, असे त्याचे उद्दिष्ट होते. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचे मागासलेपण सरासरीच्या आड दडू नये, हा त्यामागील हेतू खरोखर स्तुत्य होता. पण ज्या शाळा उद्दिष्ट गाठणार नाहीत त्यांच्यावर कारवाईची टांगती तलवार होती. अटलांटा शहरातील शाळांच्या चौकशीत २०११ साली १७८ शिक्षक व मुख्याध्यापक, ४४ शाळांतील, उत्तरपत्रिकांच्या गैरप्रकारात गुंतल्याचे निष्पन्न झाले. २०१५ साली अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. ज्या मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर मोठ्यांनी खोडरबर फिरविले, ती मुले कागदोपत्री प्रवीण झाली. मग त्यांना जादा शिकविण्याची गरज कोणास वाटणार? त्याच वर्षी डिसेंबरात तो कायदा बदलण्यात आला.

आपल्या महाराष्ट्रातही पैसा आणि पद जेथे आकड्याला बांधले जातात, तेथे आकडा कसा फुगतो हे आपण पाहिले आहे. २०११ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्यभर पटपडताळणी झाली. तीत वीस लाखांच्या घरात विद्यार्थी केवळ हजेरीपटावर असल्याचे आढळले. दोष करणाऱ्यांचा होताच. परंतु शिक्षकाची नोकरी पटसंख्येवर आणि पटसंख्या वस्तीच्या नशिबावर अवलंबून असली म्हणजे प्रामाणिक शिक्षकालाही मे महिन्यात दारोदार मुले शोधीत हिंडावे लागते, हेही तितकेच खरे. संचमान्यतेत एक पद कमी झाले की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला दोन-दोन वर्ग येतात.

याउलट परीक्षाच काढून टाकली तर प्रश्न सुटतो काय? २०१० साली अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणासही नापास करू नये, असे ठरविले. नापासाचा शिक्का बसून गरीब मूल शाळेबाहेर फेकले जाऊ नये, हा हेतू होता. त्याबरोबर सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि मागे पडलेल्या मुलाला जादा मदत यांचीही अपेक्षा होती. अनेक ठिकाणी यांपैकी पहिली गोष्ट तेवढी पाळली गेली, कारण तिला काही खर्च नव्हता. मूल वर ढकलले गेले आणि नववीत आल्यावर त्याला वाचता येत नसल्याचे उघड झाले. २०१९ साली कायदा बदलला आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी पुन्हा वार्षिक परीक्षेचे नियम केले. परीक्षा ठेवली काय किंवा काढली काय, कच्च्या मुलाशेजारी बसणारा शिक्षक नसेल तर दोन्ही सुधारणा सारख्याच.

हे सर्व सांगण्यामागे सरकारला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. धर्मग्रामांच्या शाळांनी जो 'शंभर टक्के निकाल' फलकावर लिहिण्याचा ध्यास घेतला आहे, तोही लो साहेबांच्याच घराण्यातील आहे. दहावीचा निकाल खाली येईल म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडविणे, अथवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला त्याच्या पालकांना देणे, हे प्रकार आपल्याला अपरिचित नाहीत. येथे आठ शिलिंगांचाही प्रश्न नसतो, प्रश्न असतो तो केवळ नावलौकिकाचा. नव्याण्णव मेंढरे कळपात आहेत असे सांगून मेंढपाळाने शंभरावे मोजणीतूनच वगळले, तर त्याचा निकाल नक्कीच शंभर टक्के लागेल. परंतु ज्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी आणि वडीलधाऱ्यांनी पै-पै जमवून या शाळा उभारल्या, त्यांनी त्या अशा हिशेबासाठी उभारल्या नव्हत्या.

निकाल नकोच, असे आम्ही म्हणत नाही. मुलाला वाचता येते की नाही हे पाहिलेच पाहिजे. न्यूकॅसल आयोगाचे दुखणे खरे होते. परंतु परीक्षा ही वैद्याने नाडी पाहावी तशी असावी, कोणाला औषध द्यावयाचे ते ठरविण्यासाठी. १८६२ च्या संहितेने नाडी मंद लागली की औषधाचे पैसे कापले. पालकसभेत बसताना आपण निकाल किती लागला हे अवश्य विचारावे. पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी आठवीत असलेली किती मुले आज नववीच्या वर्गात नाहीत आणि ती कोठे गेली? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेने कोणता शिक्षक, कोणती वेळ राखून ठेवली आहे? या प्रश्नांची उत्तरे फलकावर लिहिता येणार नाहीत. ती मिळविण्यासाठी मुख्याध्यापकांना हजेरीपट उघडून एकेक नाव वाचावे लागेल. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले, असे आम्हांस वाटते.